फळ्यापुरता कॅमेरा

कॅमेरा घ्यावा हे मायाला कधी सुचलं नसतं. ते सुचवलं शाळेच्या मोठ्या बाईंनी, आणि तेही नाही म्हणता म्हणता.

माया गेली होती मोबाईलची परवानगी मागायला. तिची रितिका नववीत होती. दोन वर्षांपासून मुलीच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध धूसर डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं विरघळून जायचं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही. जे वाचायचं ते मोठं करून, जवळ धरून वाचायचं, एवढाच उपाय. पुस्तक भिंगाखाली धरता येतं. फळा कसा धरणार? रितिका पहिल्या बाकावरून उठायची आणि फळ्याला नाक लावून उभी राहायची. फळा झाकला गेला की मागून कुणीतरी विचारायचं, "तुझे बाबा काचेचे आहेत का वं?" आणि पंचावन्न मुली हसायच्या. अलीकडे ती उठतच नव्हती.

मोबाईल असता तर बाकावर बसून फळ्याचा फोटो काढता आला असता, बोटांनी मोठा करून वाचता आला असता. मायाने हे सगळं नीट मांडलं. मोठ्या बाईंनी नीट ऐकूनही घेतलं. मग म्हणाल्या की एकीला मोबाईल दिला की उद्या वीस जणींच्या आया याच खुर्चीत येऊन बसतील. साधा कॅमेरा असता तर गोष्ट वेगळी होती. आता बोलणं संपवू या, अशा सुरात त्यांनी ते म्हटलं, पण माया खुर्चीतून उठली नाही.

"मग साधा कॅमेरा आणला तर चालेल?"

बाईंनी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक पाहिलं. चालेल, म्हणाल्या. आवाज नको, फ्लॅश नको, मुलींचे फोटो नकोत. पहिल्या घटक चाचणीपर्यंत बघू. आणि मग, माया दाराशी पोचल्यावर, अगदी मायेनं म्हणाल्या, "नाही जमलं तर तुम्हीही विचार करा, मायाताई. अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते. तिथं तिचे हाल होणार नाहीत."

त्यात वाईट काही नव्हतं, म्हणूनच ते वाक्य खोल गेलं. रितिकाला तिच्या शाळेत, तिच्या मैत्रिणींत राहता येईल की नाही, हे ऑगस्टमधल्या वीस मार्कांच्या चाचण्यांवर येऊन ठेपलं होतं.

माया एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर होती. बी.कॉम. झाल्यापासून तेच काम: नावं लिहायची, नळ्यांवर चिकटपट्ट्या लावायच्या, नाव चुकायचं नाही. संध्याकाळी निघताना लॅबचा एक नियम होता, दिवसाचे सगळे रॅक रिकामे करून, पुसून, उद्यासाठी पालथे ठेवायचे. घरी आल्यावर स्वयंपाक. आणि जेवणं झाली की रितिकाच्या मैत्रिणीची, वैभवीची वही. वैभवीची आई रोज वहीच्या पानांचे फोटो पाठवायची आणि माया ते जाड पेनानं, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत उतरवून काढायची. आठवीचं वर्ष मायाने असं दुसऱ्यांदा केलं. नवरा, विक्की, कळमेश्वरच्या कारखान्यात पाळीवर असे. तो वाईट नव्हता. "झोप आता," असं तो रोज म्हणायचा आणि स्वतः झोपायचा.

कॅमेरा शोधायला ती सलग तीन संध्याकाळी सीताबर्डीवर हिंडली. मोठ्या दुकानात कॅमेरे होते, पण एकेकाची किंमत स्कूटीएवढी, आणि ते गळ्यात अडकवून वर्गात बसली असती तर रितिका वार्ताहर वाटली असती. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने कीव आल्यासारखं सांगितलं की ताई, डिजिटल कॅमेरा आता कोण घेते, मोबाईल घ्या ना. ऑनलाइन स्वस्त मिळत होते ते लहान मुलांचे, सशाच्या कानांचे. शेवटी लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाने गल्लीतल्या जिन्याकडे बोट दाखवलं. वर गणपतराव बसतात, म्हणाला, असला तर त्यांच्याकडेच असेल.

गणपतराव सत्तरीचे होते. रोलच्या जमान्यापासून कॅमेरे दुरुस्त करत होते. टेबलावर सुईएवढे स्क्रू बशीत काढून ठेवले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय काढाचं आहे बाई?"

"फळा."

त्यांनी स्क्रू फिरवायचा पेचकस खाली ठेवला. तीन दिवसांत प्रत्येकाने तिला बजेट विचारलं होतं. या माणसाने विचारलं की पोरगी कोणत्या बाकावर बसते, फळा किती फूट दूर, ट्यूबलाइट कुठं, खिडकी कोणत्या हाताला. मायाला यातलं निम्मं माहीत नव्हतं, आणि आपल्याला ते माहीत नाही याची तिला लाज वाटली. त्यांनी कप्प्यातून तीन जुने कॅमेरे काढले. भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून व्हरांड्याच्या त्या टोकाला टांगली आणि या टोकाला मायाला उभं केलं.

"तारीख नका वाचू, ते कोणीही वाचीन. खालची तिथी वाचा."

पहिल्या कॅमेऱ्यात तिथी नुसतीच ठिपक्यांची रांग दिसली. गणपतरावांनी समजावलं की एक झूम काचेचा असतो, दुसरा फसवा. फसवा झूम फोटो ताणतो, रबर ताणल्यासारखा. अक्षर मोठं होतं पण फाटतं. मेगापिक्सेलचा आकडा म्हणजे दुकानदाराचं सुख, त्याकडे पाहायचंच नाही. काच किती पुढं येते ते पाहायचं आणि मागचा पडदा किती मोठा ते. दुसरा कॅमेरा देखणा होता, चांदीच्या डबीसारखा. मायाचा हात तिकडे गेला. त्यांनी तो बाजूला सारला. त्याची बॅटरी त्याच्याच मापाची, ती आता निघत नाही, गेली की कॅमेरा कागद उडू नये म्हणून ठेवायच्या कामाचा. तिसरा जाडा होता, कोपऱ्यावर रंग उडालेला, पण भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसल्या दोन पेन्सिल सेलवर चालायचा. त्यातून तिथी दिसली. तिथीखालचं नक्षत्रसुद्धा दिसलं.

सेल मात्र चार्जिंगचे घ्यायचे, आणि चार. "दोन पोटात, दोन दप्तरात. पोटातले बसले का दप्तरातले घालाचे. घरी आलं का बसलेले चार्जरले." कार्डाचंही त्यांनीच ठरवलं. मायाने मोठ्यात मोठं मागितलं, तर ते हसले. या बुढ्या यंत्राला एवढं मोठं कार्ड ओळखताच येत नाही. चार-चार जीबीची दोन लहान दिली. एक बिघडलं तरी सगळं जात नाही, म्हणाले. आवाज बंद केला, फ्लॅश बंद केला, आणि ते बंद कसं ठेवायचं तेही दाखवलं.

घरी मायाचे सासरे, धोंडबा, वाट पाहत होते. मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस. प्रत्येक यंत्र उघडून बघण्याचा हक्क आपला आहे असं त्यांना वाटे. चार्जिंगचे सेल अजून भरायचे होते, तर यांनी आपल्या रेडिओतले साधे सेल काढून कॅमेऱ्यात घातले. दहा फोटोंत कॅमेरा मिटला.

"रेडिओत हे सेल दोन दोन महिने चालते," ते म्हणाले, "अन् हा सायबाचा डब्बा दहा फोटोत मेला. काहून आणलं वं हे?"

"मामाजी, रेडिओ नुसता बोलते. याले पाहा लागते," मायाने उत्तर दिलं. धोंडबांना ते पटलं असावं. त्यांनी सेल परत रेडिओत घातले आणि विषय सोडला.

पहिले काही दिवस बरे गेले. रितिका शाळेतून यायची, पलंगावर आडवी व्हायची आणि कॅमेरा डोळ्यापासून चार बोटांवर, थोडा तिरपा धरून पडद्यावरचा फळा इकडून तिकडे सरकवत राहायची. माया विचारायची, निघाले का फोटो? निघाले, म्हणायची. एवढंच. मायाला वाटलं, बटण दाबलं की फळा येतो, संपलं. तिने आपली शिस्त लावून घेतली. एका डबीत सेल, एका डबीत कार्डं. आज या जोडीचे सेल, उद्या त्या जोडीचे. आज हे कार्ड, उद्या ते. बसलेले सेल रात्री भरायचे. आणि तरीही ती जेवणानंतर जाड पेन घेऊन बसायचीच, फक्त आता वैभवीच्या वहीऐवजी कॅमेऱ्यातून उतरवायची.

"आई, आता नको ना लिहू," रितिका एकदा म्हणाली. "मला दिसते यातलं."

"असू दे. यंत्राचा काय भरवसा."

इतिहास झाला, विज्ञान झालं. भूमितीच्या आकृत्या मायाला काढता येत नसत. त्या रितिका स्वतःच कॅमेऱ्यातून वहीत काढत असेल असं ती धरून चालली. तिच्या जागी माया असती तर तिने तेच केलं असतं. विचारलं मात्र नाही.

चाचणी सोमवारपासून, पहिला पेपर भूमितीचा. रविवारी सकाळी मायाने दप्तर रिकामं करून धुतलं, गच्चीवर वाळत घातलं. पाण्याची बाटली घासली. पेन्सिलींना टोकं काढली. चारही सेल भरून डबीत ठेवले. मग दोन्ही कार्डं एकामागून एक कॅमेऱ्यात घातली आणि गणपतरावांनी दाखवलेल्या यादीत खाली खाली जात ती रिकामी केली. सगळं पुसायचं का, असं कॅमेऱ्याने विचारलं. तिने हो म्हटलं. दोन्ही वेळा. लॅबमधून निघताना पालथ्या रॅककडे पाहून जे वाटायचं तेच तिला वाटलं, की उद्याची तयारी झाली.

दुपारी चारला रितिका कॅमेरा घेऊन पलंगावर पडली. थोड्या वेळाने उठून बसली. कार्ड काढलं, दुसरं घातलं. पडद्यावर काळ्या चौकटीत एवढंच होतं की चित्र नाही.

"आई, कार्डं काय केलीस तू?"

"रिकामी केली. उद्यापासून पेपर ना."

रितिका रडली नाही. तिने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि मायाच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहिलं, तिला बघायचं असलं की ती तशीच बाजूला पाहायची.

"माझी वही होती ती," ती म्हणाली.

मग हळूहळू कळलं. शाळेतल्या भूमितीच्या वहीत पहिल्या दोन पानांनंतर काहीच नव्हतं. कशाला काढायचं परत, जेव्हा बाईंची आकृती, बाईंच्या अक्षरात, हवी तेवढी मोठी करून बघता येत होती. दोन आठवडे ती कॅमेऱ्यातूनच शिकत होती. माया स्टुलावर बसली. लॅबमध्ये इतक्या वर्षांत तिच्या हातून एका नळीची अदलाबदल झाली नव्हती.

तिने गणपतरावांना फोन लावला. ते काटोलला भाचीकडे गेले होते, आठवडाभर तरी येणार नव्हते. मागे माणसांचा गलका होता. त्यांनी दोनदा विचारून घेतलं की नेमकं काय दाबलं. मग म्हणाले, "त्या कार्डाइवर आता एकही फोटो काढू नका. पुसलेलं लगेच मरत नाही. मी आलो का पाहू." उद्याच्या पेपरला त्याचा काही उपयोग नव्हता.

मायाने पेन उचललं. वैभवीच्या आईला फोन करते, म्हणाली, फोटो मागवते, रात्रीतून सगळं उतरवून काढते.

"तू नको," रितिका म्हणाली. "तुला आकृत्या येत नाहीत."

धोंडबा दारात बसले होते. ते हसले, आणि मग सुनेकडे पाहून हसणं गिळलं.

रितिका म्हणाली की ती स्वतः वैभवीकडे जाईल आणि तिच्या वहीचे फोटो काढेल. पण कार्ड? दोन्ही कार्डांवर काढायचं नाही. रविवारी गल्लीतल्या दुकानात असलं लहान कार्ड मिळेना. तेव्हा रितिकानेच सांगितलं की कार्ड नसलं तरी कॅमेऱ्याच्या पोटात थोडी जागा असते. अकरा फोटोंची. हे तिला कसं माहीत, हे मायाने विचारलं नाही. गेल्या दोन आठवड्यांत मुलीने त्या यंत्रात काय काय शोधून ठेवलं होतं, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नाही, एवढं मात्र तिला त्या क्षणी कळलं.

"अकरांत काय होईल?"

"काय पाहिजे ते मी निवडीन."

वैभवीचं घर त्यांच्याच वस्तीत, इंदोऱ्यातच, दोन गल्ल्या पलीकडे, पण मधे मोठा रस्ता होता. माया पदर खोचून चप्पल शोधू लागली. धोंडबांनी तिची चप्पल आपल्या काठीने बाजूला सरकवली.

"जाऊ दे वं तिले. रस्ता काही फळा नाही. कडेनं सारं दिसते तिले."

माया दारातच उभी राहिली. रितिका कोपऱ्यावर वळेपर्यंत, आणि नंतरही.

दोन तासांनी ती परत आली. अकरा फोटो होते. कोणतं प्रमेय घेतलं, कोणतं सोडलं, ते तिने सांगितलं नाही. जेवून ती पलंगावर आडवी झाली, कॅमेरा डोळ्याशी धरून. एकदा दोन सेल बदलले. मायाला करायला काही नव्हतं. तिने धुतलेले कपडे घडी केले, आणि मग तेच कपडे पुन्हा उलगडून घडी केले. विक्की पाळीवरून आला, जेवला, मुलीकडे पाहून मायाला म्हणाला, "झोप आता." त्या रात्री ती खरंच लवकर आडवी झाली. झोप आली नाही ते वेगळं.

भूमितीत वीसपैकी बारा मिळाले. विज्ञानात चौदा. मोठ्या बाईंनी मायाला बोलावलं, उत्तरपत्रिका उलटसुलट पाहिल्या. त्या स्वतःही दमलेल्या दिसत होत्या. बाहेर बाकावर आणखी चार पालक बसले होते. "सहामाहीपर्यंत राहू द्या कॅमेरा," त्या म्हणाल्या. म्हणजे पुन्हा मुदत. मायाने आभार मानले. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला असावाही, पण त्याच्याआधी ऑक्टोबर येऊन उभा राहिला होता.

सहामाहीला सगळाच भाग होता. म्हणजे ते दोन आठवड्यांचे फोटो हवे होते. पुढच्या सोमवारी ती लॅबमधून थेट गणपतरावांकडे गेली. कार्डं तिने लॅबच्या छोट्या पिशवीत घालून, वर नाव आणि तारीख लिहून नेली होती. गणपतरावांनी ती चिकटपट्टी वाचली आणि पहिलं कार्ड संगणकाला जोडलं.

वेळ लागतो, म्हणाले. चहा मागवला. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या गतीनं सरकत होती, आणि तिच्याखाली एकेक फोटो उगवत होता.

"किती होते, बाई?"

"दोन्ही मिळून शंभरेक असतील."

"इथं एकाच कार्डात दोनशेच्या वर निघून राहिले."

मायाला वाटलं, कार्डं जुनी असतील, दुसऱ्या कुणाचे फोटो असतील. ती खुर्ची पुढं ओढून पाहू लागली. दुसरं कुणाचं काही नव्हतं. सगळा फळाच होता. पण हे फोटो तिने कधी पाहिले नव्हते. ट्यूबलाइटचा पांढरा लोळ पडून अर्धा फळा पुसलेला. कुणाची तरी वेणी. बाईंचं कोपर. हललेला, नुसत्या हिरव्या रेघा. फळ्याचा वरचा कोपरा आणि छतावरचा पंखा. एकच प्रमेय नऊ वेळा, आणि नवव्यांदा वाचता येईल असं. एका फोटोत बाई वळून सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होत्या, कपाळाला आठी.

"हे तिनं स्वतःच पुसलेले," गणपतराव म्हणाले. "हे यंत्र सारं वापस आणते. चांगलं, बेकार, सारं."

निघाले का फोटो? निघाले. रोज एवढंच बोलणं व्हायचं.

गणपतराव चष्मा वर करून तारखा पाहत होते. "ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसे वाटते. डाव्या अंगाले सरकाले सांगा," ते म्हणाले, आणि मग थांबले. "नाही. सरकली वाटते. हे पाहा." शेवटच्या चार दिवसांच्या फोटोंत पांढरा लोळ नव्हता. फळा थोडा तिरपा दिसत होता, उजवीकडून बारीक होत गेलेला, पण पूर्ण. त्या दिवसांत एका आकृतीला दोन फोटो होते, कधी एकच.

मायाने चहाचा कप हातात धरला होता, तो तसाच निवला. दुसरं कार्ड लागलं, त्यातूनही तसेच निघाले. खाली रस्त्यावर दुकानांची शटर एकेक करून पडू लागली होती.

"सगळे टाकून देऊ का कार्डात?" गणपतरावांनी विचारलं.

"नाही. तिनं ठेवले होते तेवढेच द्या. टाकलेले राहू द्या."

"ते मले कसे समजन, बाई? याच्यावर काही लिहून नसते."

माया खुर्ची आणखी पुढं सरकवून बसली. एकेक फोटो मोठा करून बघायचा, वाचता येत असेल तर ठेवायचा. डोळे चुरचुरत होते. घरी भाजी चिरायची होती. अर्ध्या तासाने ती एका जागी अडली. एकाच आकृतीचे दोन फोटो, दोन्ही स्वच्छ, दोन्हींतलं सगळं वाचता येत होतं. रितिकाने यांपैकी कोणता ठेवला असेल? ती बराच वेळ आळीपाळीने दोन्ही पाहत राहिली.

"कोणता घेऊ?" गणपतरावांनी विचारलं.

"दोन्ही द्या," माया म्हणाली. "ती ठरवील."